घरी विचारून सांगते

या, जरा जवळ सरका, एक गंमत सांगतो.

निवृत्त कॅशियरकाकांनी भाड्याच्या हॉलात वर्ग घेऊन नुकत्याच कमावत्या झालेल्या एकोणीस पोरींना पैसे राखायचा मंत्र दिला, "कुणी गोड बोलून पैसे मागितले, की हसायचं अन् म्हणायचं, घरी विचारून सांगते." पोरींनी तो नामासारखा घोकला. "फी आधी घ्या हो," असं काकूंनी बजावलं होतं, पण काकांना भिडेपोटी जमलं नाही. वर्ग संपल्यावर त्यांनी गोड आवाजात फी मागितली.

पोरी हसल्या. "घरी विचारून सांगते, काका."

रिकाम्या खिशाने काका निघाले, तर दारात हॉलवाला भाड्यासाठी हात पसरून उभा.

काकाही हसले. "घरी विचारून सांगतो."

माउलींनो, देवापुढे हात जोडाल तेव्हा अजून भाड्याची वाट बघणाऱ्या त्या हॉलवाल्याची तेवढी आठवण ठेवा.