गच्चीवरचं वाळवण

"आई, जाळी गच्चीवर बांधू?" सुनेनं विचारलं आणि माझं डोकंच उठलं. महिनाभर हेच चाललंय. पार्किंगमध्ये खेळावं तर गाड्यांना चेंडू लागतो, मैदानातून क्रिकेटवाले हाकलतात, भाड्याच्या कोर्टावर नंबर लागत नाही. तिच्या त्या पिकलबॉल नावाच्या खेळानं मला वीट आणला. म्हटलं, "बांध एकदाची. पण माझ्या कुरडयांवर चेंडू पडला तर बघ!"

जाळी बांधून होते न होते तोच सोसायटीचा सेक्रेटरी हजर. "गच्ची फक्त कपडे आणि वाळवणासाठी आहे. सोडा ते. त्यापेक्षा सासूबाईंना कुरडया घालू लागा, शोभेल तरी."

सुनेनं मान खाली घालून जाळी सोडली. माझं टाळकं सटकलं. तिला बोलायला मी काय मेले होते?

खाली जाऊन बादलीतली नऊवारी पिळून आणली. जाळीचीच दोरी कमरेएवढ्या उंचीवर परत ताणली आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत साडी पसरली.

"आजी, हे काय?" सेक्रेटरीनं विचारलं.

"कपडे वाळत घातलेत. नियमात बसतंय ना?" मी सुनेच्या हातात बॅट दिली. "खेळ गं तू."

"आणि ही साडी वाळणार कधी?"

"सुती आहे बाबा. वाळायला अख्खा उन्हाळा तरी जाईलच."