रुपाबाईची आन

रुपाबाईनं सरपणाची मोळी अंगणात टाकली तेव्हा इंद्रभान दारातच उभा होता. एरवी या वेळेला तो जिनिंगवर गेलेला असायचा.

"रुपाबाई, एक विचारतो. खरं सांगजो. आमच्या घराच्या जागी पयले तुमचाच तांडा होता ना?"

"होता नं, भाऊ. सगळ्यायले ठाऊक हाये."

दोन डोंगरांमधल्या त्या सपाटीत आधी कापसाचं जिनिंग आलं, मागून मोटारतळ आला, मग शाळा. गाव पसरत पसरत नाल्याला भिडलं. बावन्न साली तांडा उठवून वर डोंगराच्या सोंडेवर बसवला आणि खाली खुंट्या ठोकून प्लॉट पाडले. मंगरूळपीरकडून आलेल्या इंद्रभाननं त्यातला कडेचा प्लॉट घेतला, घर बांधलं. त्या घरात त्याच्या बायकोचे, गोजराबाईचे, दोन गर्भ पडले. आता तिला चौथा महिना होता.

ती आत चुलीपाशी भाकरी थापत होती. बाहेरचं बोलणं ऐकून तिचे हात थांबले.

"या जागेत कोनाले गाडलं काय? लेकरूगिकरू?"

रुपाबाईनं ओढणीच्या टोकानं तोंडावरचा घाम पुसला. "काहून विचारून राह्यले?"

"उद्या भगत येऊन राह्यला. तो म्हनते, तुह्या घराखाली कोनीतरी हाये, थे पोट टिकू देत नाही. सारी जमीन खोदून पाहा लागते म्हनते."

"अन् निंगालं तं?"

"निंगालं तं काय! काढाचं अन् पार डोंगराच्या तिकडे नेऊन फेकाचं. घरात ठेवते काय कोनी?" इंद्रभानचा आवाज जरा उतरला. "पन तू सांगतलं का कोनी नाही, तं मी कायले घर उकरू? तुमच्यातलं तुमालेच मालूम."

"कोनी नाही, भाऊ. आमी नाल्याच्या पलीकडे गाडत होतो."

"असं नाही. आत ये. घरात उभी राह्य अन् तुमच्या देवाची, सेवाभायाची आन घे."

रुपाबाई दोन वर्षं या घरी सरपण देत होती, पण उंबरठ्याच्या आत कधी गेली नव्हती. तिनं पायातल्या वहाणा काढल्या. माजघर ओलांडून ती सैपाकघरात आली. तिच्यामागून इंद्रभान.

खिडकीतून समोरच्या डोंगराची खाच दिसत होती. रुपाबाईनं त्या खाचेकडे पाहिलं. मग नाल्याच्या बाजूला पाहिलं. मग खाली.

चुलीपासून जात्यापर्यंतची जमीन नुकती सारवलेली होती. तिथं काही ठेवलेलं नव्हतं. सरळ चाललं तर चार पावलं. रुपाबाई भिंतीला खांदा घासत, वळसा घालून पलीकडे गेली.

इंद्रभानच्या ते लक्षातही आलं नाही. तव्यावरची भाकरी करपू लागली होती, आणि गोजराबाईचा पिठाचा हात पोटावर गेला होता.

"घे आन."

रुपाबाईनं डोळे मिटले. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

"मोठ्यानं."

"सेवाभायाची आन," ती म्हणाली. "या जमिनीत माहं कोनी नाही."

इंद्रभाननं मोठा सुस्कारा टाकला. "बस झालं. भगताले नाही सांगून देतो." त्यानं खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली आणि तो निघाला.

गोजराबाईनं एक हाक मारली असती तर तो अंगणातूनच मागे फिरला असता. दोनदा याच घरात, याच भिंतीकडे तोंड करून ती पडून राहिली होती. दोन्ही वेळा सुईणीनं बाहेर नेलेल्या गाठोड्याकडे तिला कोणी पाहू दिलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं. फाटकाची कडी वाजली. तिनं हाक मारली नाही.

रुपाबाई अजून जात्यापाशीच उभी होती, पाठ भिंतीला लावून. गोजराबाईनं करपलेली भाकरी बाजूला काढली, हात धुतले आणि गडूभर पाणी तिच्या हातात दिलं. देताना तीही भिंतीच्या कडेनं गेली.

"पोरगं का पोरगी?" तिनं हळूच विचारलं.

रुपाबाई दचकली. तिनं दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"पोरगी."

"नाव काय होतं?"

"नाव ठेवाचंच राह्यलं."

दूर जिनिंगचा भोंगा झाला. रुपाबाई पाणी प्यायली नाही. गडू दोन्ही हातांत धरून ती सारवलेल्या जमिनीकडे बघत राहिली.

"बाई, तुमी दिवसरात इथंच असता," ती म्हणाली. "रडते काय वं कधी?"

गोजराबाईचा चेहरा पांढरा पडला. तिनं रुपाबाईकडे पाहिलं नाही. बराच वेळ ती चुलीतली लाकडं मागेपुढे सारत बसली.

"नाही," मग ती म्हणाली. "निजूनच राह्यते."