रांगोळ्यांची फाइल

प्रिंटर पहिल्याच पानावर अडून बसला. आईच्या रांगोळ्यांची जड पीडीएफ त्याला पेलेना. अर्धांगवायू होईपर्यंत आई रोज अंगणात नवी रांगोळी काढायची आणि तिचा मुलगा दिगंबर त्या रांगोळीचा फोटो घ्यायचा. फोन भरला तेव्हा त्याने सगळे फोटो एका फाइलीत घातले आणि मूळचे काढून टाकले. आज तिच्या वाढदिवसाला तिच्या पलंगासमोरची भिंत त्या फोटोंनीच भरायची होती.

संगणकावर, लिनक्समध्ये, फाइल लहान करायची कमांड त्याला पाठ होती. घाईघाईत नव्या फाइललाही त्याने जुनंच नाव दिलं, एंटर मारलं आणि ती पुन्हा छापायला दिली. पान झटकन बाहेर आलं, पण कोरं. नाव तेच असल्यामुळे लहान व्हायच्या आधीच जुनी फाइल नव्या रिकाम्या फाइलीखाली पुसली गेली होती.

"काय झालं रे, दिगू?" पलंगावरून आईने विचारलं.

"सगळ्या रांगोळ्या गेल्या, आई. माझ्याच हाताने पुसल्या." तो कागद घेऊन तिच्या उशाशी बसला.

"अरे वेड्या, रांगोळी पुसायचीच असते," ती हसली. "आण तो कागद. नवी काढते."

तिने डाव्या हाताने लुळा उजवा हात उचलला आणि कागदावर ठेवला. हात तसाच पडून राहिला.