ताण तोडला

मनकर्णा सदरच्या दवाखान्यातून परतली तेव्हा तिचा नवरा प्रेमानंद गच्चीवर निळ्या ड्रमसमोर पाट टाकून बसला होता. ड्रममध्ये संत्र्याचं झाड होतं. झाड म्हणायचं ते आपलं सवयीने. अर्धीअधिक पानं गळाली होती आणि उरलेली पिवळी पडून लोंबत होती.

"आली काय वं?" त्याने मान न वळवता विचारलं.

"आले न. डॉक्टर म्हणाले..."

"थांब. आधी हे पाह्य. काडीवर एक डोळा फुटला नाही. यालेही मारलं मी."

ती थांबली. जिना चढून तिचा घसा कोरडा पडला होता. झाडांसाठी भरलेली बादली समोरच होती, पण तिने नुसता आवंढा गिळला. त्याच्या देखत पाणी प्यायचं तिने केव्हाच सोडलं होतं. स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून, ग्लासाचा आवाज न होऊ देता ती दोन घोट घ्यायची.

गेल्या उन्हाळ्यात प्रेमानंदचं हृदय दमलं, अंगात पाणी साचू लागलं, पाय सुजले. तेव्हापासून दिवसाला एक बाटली पाणी, चहा आणि वरण त्यातच धरून. नागपूरच्या मे महिन्यात! बाटली मनकर्णाच्या ताब्यात. घरी बसून करायचं काय, म्हणून त्याने कुंड्या आणल्या. जन्मात कधी कोथिंबीर न पेरलेला हा माणूस, स्वतःला मिळत नव्हतं ते सगळं पाणी झाडांना पाजू लागला. उन्हाळ्यात झाडांची चंगळ झाली. पण भर पावसात छत्री धरून मोगऱ्याला पाणी घालणारा अख्ख्या नागपुरात तोच असावा. मोगरा मुळापासून सडला आणि त्या दिवशी प्रेमानंद जेवला नाही. थंडीत शेवंती फुलली, तेव्हा मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना जिना चढायला लावून त्याने ती दाखवली.

संत्र्याचं हे कलम त्याच्या मोठ्या बहिणीने, जयवंताने, काटोलहून ड्रमसकट टेम्पोत घालून पाठवलं होतं. थंडीत ती स्वतः आली, झाडाखालची ओली माती बोटाने उकरली आणि कपाळाला हात लावला.

"अरे, याले ताण दे. पाणी तोड. पानं मलूल झाली पाहिजे. मग पाणी देऊन ताण तोडायचा, तवा कुठं फुलावर येते."

"या घरात एक तहानलेला पुरे आहे," प्रेमानंद म्हणाला होता.

पण बहिणीपुढे त्याचं काय चालणार? त्याने पाणी तोडलं. पानं माना टाकू लागली तसा तो गच्चीवर यायचाच बंद झाला. मग जयवंताने फोनवरून सांगितलं तेव्हा झाडाला भरपूर पाणी दिलं, खत दिलं, आणि तेव्हापासून रोज सकाळी तो इथे पाट टाकून बसायचा. झाड काही बोलेना. आता तर थंडीही निघून चालली होती.

काल त्याच्या हृदयाची तपासणी झाली होती. पाण्याचं हे मोजमाप जन्मभर राहणार की सुटणार, ते आज कळणार होतं. सकाळी तो डॉक्टरकडे यायला तयार होईना. "या झाडाचंच काही खरं नाही, तं माझं काय असणार? तू जा," म्हणाला.

मनकर्णा ड्रमला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेली. तिकडे सकाळचं ऊन पडायचं. ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"तिकून काय पाहून राहिले इतके दिवस? इकून पाहा न!"

तो उठला. भिंतीला धरून धरून पलीकडे आला. काड्यांच्या बेचक्यांत मोहरीएवढे हिरवे-पांढरे दाणे बसले होते, एक नाही, ओळीने. त्याने बोट पुढे केलं आणि न लावताच मागे घेतलं.

"कळ्या होय वं ह्या!"

"होय. आता माझं ऐकता काय?"

त्याने मान हलवली. चेहरा मात्र मार खाणाऱ्या पोरासारखा केला.

"हृदय चांगलं चालून राहिलं म्हणाले. गोळ्या घ्याच, मीठ कमीच. पण पाणी मोजू नका म्हणाले. तहान लागली का प्या."

"खोटं नको बोलू."

"फोनवर सांगितलं असतं तं खरं मानलं असतं काय तुम्ही? म्हणून तं ऑटो करून पळत आले."

बोलून झालं आणि तिलाच हुंदका आला. इतके महिने ती त्याची बायको कमी आणि पहारेकरी जास्त होती. आज तो पहारा उठला. तिला एकदम हलकं वाटलं. खाली जाऊन तिने माठातलं पाणी तांब्यात भरलं आणि दोन ग्लास घेऊन वर आली.

प्रेमानंदने पहिला ग्लास डोळे मिटून संपवला. पुन्हा भरून दुसराही तसाच उचलला, पण अर्ध्यावर थांबला. "पुरे. मोगऱ्यासारखं नाही करायचं," म्हणाला, आणि स्वतःशीच हसला.

मग त्याने तिचा ग्लास काठोकाठ भरून तिच्यापुढे धरला. मनकर्णाने तो घेतला आणि सवयीने भिंतीकडे वळली.

"मनकर्णा," तो म्हणाला, "इकडं तोंड करून पे वं."