बाण चौथ्या ठिपक्यावर

काकांची छिन्नी मध्येच थांबली. त्यांनी चष्मा पुसला, मंजूर कागद दिव्याखाली धरला आणि पुन्हा मोजलं. सूर्याचं मोठं वर्तुळ, पुढे ओळीने ग्रहांचे ठिपके, आणि 'आम्ही इथे राहतो' असं सांगणारा बाण. बाण चौथ्या ठिपक्यावर होता. अहो, शाळेतलं पोरसुद्धा सांगेल, पृथ्वी तिसरी!

अंतराळ संस्थेत काकांनी आजवर हजार पाट्या कोरल्या होत्या, पण ही साधीसुधी नव्हती. ही यानातून ताऱ्यांपलीकडे जाणार होती. दहा कोटी वर्षं टिकणार होती. आकाशगंगेत कुठे कुणी शहाणं असलंच, तर त्याला निरोप देणार होती. निरोप तरी काय, तर 'आम्ही आहोत, उत्तर पाठवा'. आणि पत्ताच चुकीचा!

काकांचे हात मात्र बांधलेले. मागे एका कोनशिलेवरची चुकलेली तारीख त्यांनी आपल्या मनाने दुरुस्त केली होती. शाबासकी राहिली बाजूला, वर्षभर घरी बसवलं. आता निवृत्तीला आठ महिने उरले होते. बायकोने फोनवर निकाल देऊन टाकला, "गप कोरा आणि घरी या." पण दहा कोटी वर्षं टिकणारी थाप आपल्या हातची असावी, हे काही त्यांच्या पचनी पडेना.

ते कागद घेऊन निघाले. कागदावर अकरा सह्या होत्या. गणितवाले साहेब म्हणाले, माझी सही आकड्यांपुरती. चित्रवाल्या बाई म्हणाल्या, बाण सरळ आहे ना, मग झालं तर. भाषावाल्यांनी कागद हातातसुद्धा धरला नाही. सगळे गोड बोलत होते आणि पुढचं दार दाखवत होते. काकांचं डोकं तापत चाललं. शेवटचं दार संचालकबाईंचं होतं.

"बाई, नोकरी गेली तर गेली, हे मी कोरणार नाही!" काकांनी एका दमात सांगून टाकलं. "अकरा सह्या, आणि कागद एकानेही वाचलेला नाही?"

बाईंनी उठून दार लावून घेतलं. मग खुर्ची पुढे ओढली आणि आवाज अगदी घरगुती केला.

"वाचला नाही कसा, काका? बाकीचा मजकूर आठवड्यात ठरला. नऊ वर्षं गेली ती या बाणापायी."

"नऊ वर्षं? आणि तरी चुकला?"

"चुकला नाही हो. उत्तर आलं तर त्याची जबाबदारी कोणत्या खात्याची, यावर अकरा जणांचं एकमत होईना. बाण चौथ्यावर न्यायचा म्हटल्यावर पाच मिनिटांत झालं."