आठ दिवस थांब

दगडोबा मिस्त्रीनं जन्मभर दारं-खिडक्या केल्या. पाणी धरणारी वस्तू पहिलीच. लकवा झालेल्या बायकोला, गोजरबाईला, बाजेवरून नुसती भिंत दिसायची. म्हणून त्यानं तिथंच माशांसाठी प्लायवूडची पेटी बनवली, आतून पाणी मुरू न देणाऱ्या रेझिनचे तीन हात दिले, समोर सिलिकॉननं काच बसवली. "अवं, पाणी भरा की," ती रोज म्हणायची. तो म्हणायचा, "सिलिकॉन वाळू दे. घाई केली तर गळंल. आठ दिवस थांब." सातव्या दिवशी ती गेली. तेरवीनंतर त्यानं पाणी भरलं, मासे सोडले. "बा, काच इतकी खाली काहून लावली?" लेकानं विचारलं आणि वर म्हणाला, "उभ्यानं कायीच दिसून न्हाई राह्यलं." अंगणात काढलेली तिची बाज परत जागेवर टाकून दगडोबा कुशीवर पडला. मासे डोळ्यांसमोर आले. काचेच्या सांध्यावरून त्यानं बोट फिरवलं. बोट कोरडंच राहिलं. "गळलं असतं तर गळलं असतं," तो म्हणाला.