शिट्टीचा नियम

रोज पहाटे पोरगी पुढे धावायची आणि बाप तोंडात शिट्टी धरून मागून सायकलवर यायचा. नियम त्यानेच घालून दिला होता. शिट्टी वाजली की वेग वाढवायचा, आणि मागे वळून बघितलं तर पुन्हा पहिल्यापासून.

एकदाच ती रडत रडत वळली होती. "बाबा, आज घरी जाऊ या ना. आईला फार धाप लागलीये."

"मेडल काय आईची धाप बघून देणारेत? चल, पहिल्यापासून!"

ती दोघं घरी पोचली तेव्हा आई गेलेली होती.

आज चढावर बापाच्या छातीत कळ आली. सायकल धाडकन आडवी झाली, तो खाली. त्या आवाजाने पुढे पोरीचे पाय अडखळले. ती आता वळणार, एवढ्यात हाक मारायला आवाज फुटेना म्हणून बापाने उरलासुरला श्वास शिट्टीत ओतला.

पोरीने वेग वाढवला.

त्याने पुन्हा फुंकली. ती सुसाट सुटली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. एकदाही मागे बघितलं नाही पठ्ठीने. जन्मभर बापाला हेच तर हवं होतं.